रोमन तेलाचे दिवे: घरातले, देवापुढचे, थडग्यापाशी लावलेले – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन रोमचा विषय निघाला की लोक रस्ते, सैन्य आणि कलोसियमबद्दल विचारतात. मला मात्र तळहातावर मावणाऱ्या एका मातीच्या दिव्याने बरीच वर्षं धरून ठेवलंय. हा दिवा रोमन माणसाच्या स्वयंपाकघरात होता, देव्हाऱ्यात होता आणि तो गेल्यावर त्याच्या थडग्यातही होता. देवासाठी वेगळा, माणसासाठी वेगळा असा भेद बहुतेकदा नव्हताच. एकाच साच्यातून निघालेल्या दोन दिव्यांपैकी एक खाणावळीत लागायचा, दुसरा देवाच्या पायाशी. या दिव्यांबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

रोमन दिवा दिसतो कसा?

इ.स. 1ल्या शतकातला एक साधा दिवा समोर ठेवलाय असं समजा. चोचीपासून मागच्या टोकापर्यंत लांबी साधारण दहा सेंटिमीटर. रंग विटकरी, वर पातळ तांबूस लेप. कडांना तो झिजलाय आणि आतली फिकट माती डोकावतेय. पोट गोल, बसकं. आपली पणती वरून उघडी असते, हा वरून झाकलेला. झाकणाचा भाग किंचित खोलगट, तबकडीसारखा, आणि त्यात तेल ओतायला करंगळीही जाणार नाही एवढं भोक. पुढे चोच, तिच्या टोकाला वातीचं भोक. मागे कधी कान असतो, एक बोट अडकवून उचलण्यापुरता, कधी नसतोही. लॅटिनमध्ये याला ‘लुकेर्ना’ म्हणत.

चोचीभोवती काळा डाग आहे का, ते आधी बघायचं. डाग असेल तर दिवा जळलेला आहे. डाग नसलेले दिवेही पुष्कळ सापडतात, त्यांच्याकडे पुढे येऊच.

वरून झाकायचं कारण काय?

दिवा हातात घेऊन जिना चढायचा, अंगण ओलांडायचं, तळघरात उतरायचं, तर तेल हिंदकळून चालत नाही. शिवाय धूळ आणि किडे आत पडत नाहीत. जुने ग्रीक दिवे चाकावर घडवलेले आणि बरेच उघडे असत. हळूहळू त्यांच्या कडा आत वळत गेल्या. इ.स.पू. 3ऱ्या शतकापासून भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात साच्यातले दिवे सुरू झाले आणि पुढे रोमनांनी हीच पद्धत आपलीशी केली. झाकलेल्या तबकडीमुळे चित्रासाठी आयती जागा मिळाली, हा वरकड फायदा.

तेल कोणतं घालायचे?

जिथे ऑलिव्ह पिकतं तिथे ऑलिव्हचं. खायला तेच, अंगाला लावायला तेच, दिव्यातही तेच. रोम शहरात किती तेल यायचं याचा अंदाज हवा असेल तर तिथली मोन्ते तेस्ताच्चो ही टेकडी बघावी. सुमारे 35 मीटर उंचीची ही टेकडी तेलाच्या फुटक्या कुंभांच्या खापरांची आहे. बहुतेक कुंभ दक्षिण स्पेनमधून आलेले, एकेकात साधारण 70 लिटर तेल मावेल असे. त्यांची संख्या पाच कोटींच्या वर धरतात.

इजिप्तमध्ये एरंडेलही जाळत. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने एरंडाबद्दल एक बारकी नोंद केली आहे: एरंडाच्या तंतूंची वात लख्ख जळते, पण एरंडेलाचा उजेड मंद पडतो, कारण ते फार दाट असतं. ज्याच्या आजीने एरंडेलाचा दिवा लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

उत्तरेकडे, ब्रिटन किंवा ऱ्हाइनकाठी, ऑलिव्ह तेल दुरून आणावं लागे. तिथे उघड्या दिव्यांत चरबी जाळत, मेणबत्त्या वापरत. त्यामुळे तिकडे तेलाचे दिवे कमी सापडतात.

आणि वात?

जवसाच्या झाडाचे तंतू कापडासाठी वेगळे काढताना सालीजवळचा जो भरड भाग उरे, तो वातीला जाई. जाड, लवदार पानांच्या एका रानवनस्पतीची पानंही वातीसाठी वापरत, असं प्लिनी सांगतो. वात पुढे सारायला एक काडी लागते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईसारख्या ठिकाणच्या काही पितळी दिव्यांना ही काडी बारीक साखळीने अडकवलेली आहे. काडी ऐन वेळी सापडत नाही, ही अडचण दोन हजार वर्षांपूर्वीही होती!

एका दिव्याचा उजेड किती पडे?

साधारण एका मेणबत्तीएवढा. मी एकदा घरातले सगळे दिवे बंद करून पणतीत ऑलिव्ह तेल घातलं, कापसाची वात लावली आणि वाचायला बसलो. पुस्तक ज्योतीपासून वीतभर अंतरावर असेल तोवर अक्षरं लागतात. जरा मागे सरलं की ओळी एकमेकींत मिसळू लागतात. वात जास्त पुढे काढली तर ज्योत मोठी होते, पण लगेच काजळी धरते. अर्ध्या-पाऊण तासाने हात आपोआप वातीकडे जातो. रोमन माणसाची संध्याकाळ म्हणजे दर थोड्या वेळाने हे करणं आलंच.

म्हणून जास्त उजेड हवा तर जास्त चोची. दहा-बारा चोचींचे दिवे होते, उंच पितळी दिवठाणं होती, छताला टांगायचे दिवे होते. कवी मार्शलने अशा अनेक वातींच्या दिव्याच्या तोंडी एक कौतुकाचं वाक्य घातलंय: अख्खी पंगत उजळतो, एवढ्या वाती बाळगतो, तरी म्हणतात मला एकच दिवा.

साच्यातून दिवा कसा काढायचे?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न आहे.

आधी कारागीर एक भरीव नमुना घडवायचा. त्यावरून मातीचा किंवा प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्यायचा: एक वरच्या अर्ध्याचा, एक खालच्या. दोन्हींत ओल्या मातीचा पापुद्रा अंगठ्याने दाबून बसवायचा, मग अर्धे एकमेकांवर ठेवून सांधायचे. माती थोडी सुकली, आकसली की साच्यातून सुटते. सांध्यावरची फट बोटाने पुसायची, तेलाचं आणि वातीचं भोक पाडायचं, पातळ गाळीव मातीच्या लेपात बुडवायचं, वाळवायचं, भट्टीत लावायचं. फुटलेल्या दिव्याच्या आतल्या बाजूला आजही अंगठ्याचे ठसे दिसतात. वरून सगळे दिवे सारखे, आत मात्र प्रत्येकाचा हात वेगळा. प्लास्टरच्या साच्यात हवेचे बुडबुडे राहिले तर दिव्यावर मोहरीएवढे गोळे उठतात, त्यावरून साचा कशाचा होता ते कळतं.

आता नक्कल करायची असेल तर? दुसऱ्याचा तयार दिवा घ्यायचा आणि त्यावरूनच साचा काढायचा. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण दहाव्या भागाने. त्यामुळे नकलेचा दिवा मुळापेक्षा लहान, नकलेच्या नकलेचा आणखी लहान, आणि चित्र दर पिढीला पुसट. ग्लॅडिएटरच्या हातातली तलवार तिसऱ्या पिढीत नुसती काडी होते. अशा आकसत गेलेल्या दिव्यांवरून कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे लावता येतं.

काही दिव्यांच्या बुडाशी ‘फोर्टिस’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

ते कारखानदाराचं नाव. 1ल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत साधे, चित्राशिवायचे, बुडाशी ठसठशीत नाव असलेले दिवे निघू लागले: फोर्टिस, स्ट्रोबिली, कोम्मुनिस. फोर्टिसचा कारखाना आजच्या मोडेना भागातला. 2008 साली मोडेनात खोदकाम करताना कुंभारवाड्याचा उकिरडा सापडला, त्यात या नावांचे दिवे एकत्र पडलेले होते. फोर्टिसचा माल इतका खपला की जागोजागी नकला झाल्या, आणि त्या नावासकट! डॅन्यूब नदीच्या काठी सापडलेला फोर्टिस इटलीतला असेलच असं नाही.

व्यापार कसा चालत असे याचा एक नमुना पॉम्पेईत आहे. तिथल्या एका घरात 90 नक्षीदार वाडगे आणि तीसहून जास्त दिवे एकाच पेटाऱ्यात भरलेले मिळाले. वाडगे दक्षिण गॉलमधले (आजचा फ्रान्स), दिवे इटलीतले. पेटारा अजून उघडायचा होता. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि तो तसाच राहिला.

तबकडीवरची चित्रं देवाधर्माची असत का?

काही. देवांचा राजा ज्युपिटर, विद्येची देवी मिनर्व्हा, विजयदेवता आहेत. पण ग्लॅडिएटर, रथांच्या शर्यती, ससा पकडणारा कुत्रा, शिंपले, फुलं आणि शय्यागृहातली दृश्यंही भरपूर आहेत. देवाचं चित्र असलेला दिवा देवापुढेच लागला असेल असं धरू नये, आणि कुत्र्याचं चित्र आहे म्हणून तो देवापुढे ठेवलाच नसेल असंही नाही. दिवा कुठे सापडला, ते चित्रापेक्षा जास्त बोलतं.

रात्री एवढे दिवे लागत कुणाला?

हमामांना, एक तर. पॉम्पेईच्या फोरमजवळच्या, म्हणजे मुख्य चौकाजवळच्या, हमामात हजाराहून जास्त दिवे निघाले. लिहिणाऱ्यांना: थोरला प्लिनी ऑगस्टअखेरच्या अग्निदेव व्हल्कनच्या सणापासून पहाटेच्या अंधारात दिव्याजवळ बसून काम सुरू करायचा, असं त्याच्या भाच्याने लिहून ठेवलंय.

आणि खाणींतल्या माणसांना. स्पेनच्या सोन्याच्या खाणींबद्दल प्लिनी लिहितो की डोंगर आतून पोखरताना दिव्यांशिवाय दुसरा उजेड नसे, पाळी किती वेळाची तेही दिव्यानेच मोजत, आणि कितीतरी महिने त्या माणसांना दिवस दिसत नसे. तेल संपलं की पाळी संपली. या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो.

घरच्या देवापुढे दिवा लावत का?

हो. पॉम्पेईच्या घरांत स्वयंपाकघरात किंवा अंगणाशी भिंतीत कोनाडा असतो, कधी छोटं देऊळच: लारारियम. त्यात घरराखे देव लारेस, घरधन्याचा जीवनदेव गेनियस, खाली बहुतेकदा साप रंगवलेला. कोनाड्यांपाशी दिवे सापडले आहेत.

रोज नेमकं काय करत याचा चांगला पुरावा गंमत म्हणजे बंदीच्या हुकुमात आहे. 8 नोव्हेंबर 392 रोजी सम्राट थिओडोसियसच्या कायद्याने घरातली पूजाही मना केली: लाराला अग्नी, गेनियसला मद्य, घरातल्या कोठाराचे देव पेनातेस यांना सुगंध द्यायचा नाही; दिवे लावायचे नाहीत, धूप ठेवायचा नाही, माळा टांगायच्या नाहीत. जे घरोघर चाललेलं होतं त्याचीच ही यादी.

रोमन लोक दिवा विझवत नसत, हे खरं का?

ग्रीक लेखक प्लुटार्कने हाच प्रश्न घेतलाय: रोमन लोक दिवा मालवत का नाहीत, तो आपसूक निमेपर्यंत का थांबतात? तो एकच उत्तर देत नाही. एक म्हणजे अग्नी हा कधीही न विझणाऱ्या पवित्र अग्नीचा भाऊबंद. दुसरं, अग्नी जिवंत प्राण्यासारखा आहे: त्याला अन्न लागतं, तो हलतो, आणि विझताना मारल्यासारखा आवाज करतो. तिसरं मला सर्वात भावतं. आपलं काम झालं म्हणून अग्नी, पाणी किंवा गरजेची कोणतीही वस्तू नष्ट करू नये, ज्याला हवी त्याला ती वापरू द्यावी.

आपल्याकडे ‘दिवा विझव’ म्हटलं की घरातलं कुणीतरी पटकन ‘शांत कर म्हण’ असं सुधारतं. त्या घरात वाढलेल्याला प्लुटार्क लगेच कळतो.

दिव्यांच्या अवसेसारखा सण त्यांच्याकडे होता का?

दिव्याचीच पूजा, अशी रीत रोममध्ये दिसत नाही. जवळचं म्हणाल तर इ.स. 354 च्या पंचांगात 12 ऑगस्टला ‘लिख्नाप्सिया’, म्हणजे दिवे लावण्याचा दिवस, नोंदवलेला आहे. तो इसिस देवीशी जोडतात. इसिस इजिप्तची, पण तिचे भक्त रोमभर होते. 2ऱ्या शतकातल्या आपुलेयस या लेखकाने तिच्या मिरवणुकीचं वर्णन केलंय. पुढच्या पुजाऱ्याच्या हातात जेवणाच्या वेळी लावतात तसला दिवा नव्हता, सोन्याची होडी होती, आणि होडीच्या मधोमध मोठी ज्योत. असा होडीच्या आकाराचा मातीचा दिवा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो इटलीतल्या पोत्सुओलीजवळ समुद्रात सापडला आणि त्यावर ग्रीकमध्ये ‘सुखरूप प्रवास’ असा शब्द आहे. समुद्राला दिलेला दिवा.

नव्या वर्षाचे दिवे म्हणजे कोणते?

तबकडीवर पंखवाली विजयदेवता, हातात ढाल, ढालीवर ‘नवं वर्ष शुभ आणि सुखाचं जावो’ अशी अक्षरं. बाजूच्या मोकळ्या जागेत नाणी, खजूर, अंजीर. 1 जानेवारीला एकमेकांना द्यायच्या भेटी त्या दिव्यावरच कोरलेल्या. ज्याला खरं नाणं देणं परवडत नसेल त्याने मातीच्या दिव्यावरचं द्यावं, असं माझ्या मनात येतं.

न पेटवलेले दिवे देवाला का द्यायचे?

आता त्या डाग नसलेल्या चोचींकडे येऊ. 1999 मध्ये रोमच्या पारिओली भागात जमिनीखाली वाहनतळ बांधायला खोदत होते, तेव्हा आन्ना पेरेन्ना या देवीचं झऱ्याचं ठिकाण सापडलं. झऱ्यापाशी इ.स. 156 चा लेख आहे. मागच्या पाण्याच्या टाक्यात शेकडो नाणी आणि सत्तरच्या आसपास दिवे पडलेले होते, त्यांतले काही कधीच न जळलेले. अर्पण केला होता तो दिवाच. जोत लावली काय, न लावली काय.

पण त्यातल्या काही दिव्यांच्या पोटात शिशाच्या गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या. पट्ट्यांवर कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून लिहिलेले शाप. उजेडाची वस्तू अंधाऱ्या पाण्यात टाकायची आणि तिच्या पोटात वैर ठेवायचं. भक्ती आणि करणी एकाच टाक्यात.

ग्रीसमधल्या कॉरिंथमध्ये जमिनीखालच्या एका जुन्या स्नानाच्या जागी तर सुमारे 4,000 दिवे निघाले, रोमन काळाच्या अखेरचे. त्यांतल्या एकावर ‘या पाण्यांवर राहणाऱ्या देवदूतांनो’ अशी हाक कोरलेली आहे. धर्म बदलत होता, पाण्याला दिवा देणं चालूच होतं.

दिव्यावरून कौल घेत असत का?

ग्रीसमधल्या फाराए गावातली एक रीत पौसानियस या ग्रीक प्रवासी लेखकाने 2ऱ्या शतकात लिहून ठेवली. बाजारात हर्मीस देवाची मूर्ती, समोर दगडी चूल, तिला शिशाने जोडलेले पितळी दिवे. कौल घेणाऱ्याने संध्याकाळी यायचं, चुलीत धूप घालायचा, दिव्यांत तेल भरायचं, ते लावायचे, उजवीकडे वेदीवर एक नाणं ठेवायचं आणि देवाच्या कानात प्रश्न विचारायचा. मग दोन्ही कान झाकून बाजाराबाहेर पडायचं. बाहेर आल्यावर हात काढायचे. जो पहिला आवाज कानावर पडेल तो देवाचा कौल.

घरगुती शकुनही होते. वातीच्या टोकाला काजळीची गाठ धरली आणि तेल तडतडलं की पाऊस येणार, हे रात्री सूत कातणाऱ्या मुलींनाही कळतं, असं कवी व्हर्जिल सांगतो.

थडग्यात दिवा का ठेवत?

मेलेल्याला वाटेत उजेड व्हावा म्हणून, असं बरेच जण लगेच म्हणतात. तसं कुणाच्या मनात असेलही, पण रोमनांनी स्वतः लिहून ठेवलेल्या गोष्टी जास्त बोलक्या आहेत. एका थडग्यावरचा लेख म्हणतो: जो कुणी या थडग्यापाशी जळता दिवा ठेवील, त्याची राख सोन्याची माती झाकून घेवो.

कायद्याच्या पुस्तकात मोडेस्टिनस या पंडिताने तपासायला घेतलेलं एक मृत्युपत्र आहे. माएव्हिया नावाची मालकीण लिहिते: माझा गुलाम साक्कुस आणि दासी एउतिखिया व हिरेने हे सगळे या अटीवर मोकळे व्हावेत, की त्यांनी एक महिन्याआड माझ्या थडग्यापाशी दिवा लावावा आणि मरणाचे विधी करावेत. पंडितापुढचा प्रश्न असा की ते नेमके मोकळे कधी होतात? आधी दिवे लावायचे आणि मग सुटका, की सुटका आधी? त्याचा कौल असा की त्यांना लगेच मोकळं करावं, आणि दिवे लावायला न्यायाधीश त्यांना भाग पाडू शकतो. तीन माणसांचं स्वातंत्र्य आणि एक दिवा, एकाच वाक्यात बांधलेले.

या सगळ्याला कुणाचा विरोध नव्हता?

होता. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, दिवे लावणं थांबवावं म्हटलं: देवांना उजेडाची गरज नाही आणि माणसांनाही काजळी आवडत नाही. 4थ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने दिवसाढवळ्या दफनभूमीत मेणबत्त्या लावायला मनाई केली, संतांच्या आत्म्यांना त्रास नको म्हणून. पुढे सुमारे इ.स. 406 मध्ये जेरोम या ख्रिस्ती धर्मपंडिताला उलट बाजू घ्यावी लागली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना लख्ख उन्हातही दिवे लावतात, अंधार घालवायला नव्हे, आनंद म्हणून, असं तो सांगतो. तोवर उत्तर आफ्रिकेच्या भट्ट्यांतून ख्रिस्ताचं चिन्ह असलेले दिवे निघू लागले होते. पद्धत तीच, साच्यातलं चित्र बदललेलं.

रोमन दिवे भारतात आले होते का?

पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूत रोमन दिवे सापडले आहेत. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1940 च्या दशकात भूमध्य समुद्राकडून आलेल्या पितळी वस्तू निघाल्या. त्यातली पोसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. आणखी पूर्वेला, थायलंडमधल्या पोंग तुक इथे मिळालेला पितळी दिवा रोमन काळाच्या शेवटाकडचा मानतात.

असा दिवा विकत घ्यावा का?

माझं उत्तर नाही असं आहे. बाजारात खोटे फार, हे एक. पण खरा असला तर जास्त वाईट. तो कुठे होता, कोनाड्यात की कबरीत, सरळ ठेवलेला की पालथा, सोबत काय होतं, हे खणणाऱ्याने पुसून टाकलेलं असतं. विकणारा दिवा धुतो, चोचीवरचा काळा डाग घासून काढतो, पोटातली माती झटकून टाकतो. आन्ना पेरेन्नाच्या टाक्यातला दिवा असा बाजारात आला असता, तर त्या मातीबरोबर शिशाची ती गुंडाळलेली पट्टीही कचऱ्यात गेली असती.